समुद्राकडे न जाणारी नदी

कोल्हापुरात मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. नदीचा धडा आला की फळ्यावर डोंगर काढायचा, खाली समुद्र काढायचा आणि दोघांना जोडणारी एक वळणावळणाची रेघ ओढायची. उगम, मार्ग, मुख. आपली पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला. पण भिंतीवरच्या आफ्रिकेच्या नकाशात एक निळी रेघ होती, तिने मला कायम अडवून धरलं. ती अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशातून निघते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते, बोट्स्वानात शिरते आणि कलहारीच्या वाळूत हाताच्या पंजासारखी पसरून संपते. या नदीला समुद्रच नाही. तिचं नाव ओकावांगो.

निवृत्तीनंतर ती पाहायचीच, हे मनाशी ठरलेलं होतं. सोबतीला थोरली बहीण तयार झाली. ताईची शेती आजरा तालुक्यात. उभ्या आयुष्यात तिने ऊस आणि भात सोडून फार काही पाहिलेलं नाही. तीन वर्षं पैसे बाजूला टाकले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून जोहान्सबर्गमार्गे आम्ही माऊनला उतरलो.

माऊन हे ओकावांगोच्या दक्षिण टोकावरचं गाव. रस्त्यावर गाढवं निवांत उभी, वाळू सगळीकडे, आणि विमानतळावर मोठ्या विमानांपेक्षा छोटीच जास्त. पुढचा प्रवास बारा माणसांच्या विमानाने. सामान मऊ पिशवीतच हवं, कारण विमानाच्या पोटात कडक बॅग मावत नाही. वैमानिक आमच्या पुढ्यातच बसलेला, त्याच्या खांद्यावरून समोरचं सगळं दिसत होतं.

पहिली दहा मिनिटं खाली फक्त तपकिरी जमीन आणि काटेरी झुडपं. आणि मग, जणू कुणी रेघ आखून दिल्यासारखी ती जमीन संपली आणि पाणी सुरू झालं. हिरवं, निळं, पुन्हा हिरवं. लव्हाळ्यांच्या गालिच्यातून प्रवाहांच्या नागमोडी वाटा गेलेल्या आणि त्यांच्यामध्ये शेकडो बेटं. कित्येक बेटं गोल, कडेला गर्द झाडी आणि मधोमध पांढरा फटक डाग. ताईने माझा हात घट्ट धरला. "अगं, पाऊस कुठं पडलाय हा?" तिने विचारलं. तो प्रश्न अगदी नेमका होता. बोट्स्वानात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, कोरडा ठणठणीत. महिनोन् महिने तिथे थेंब पडलेला नव्हता. आमच्या खालचं पाणी जानेवारी-फेब्रुवारीत अंगोलाच्या डोंगरांवर पडलं होतं. हजारएक किलोमीटर नदीतून वाहत ते बोट्स्वानात आलं आणि पुढचे काही महिने या गवतातून मुंगीच्या पावलांनी सरकत राहिलं. सुमारे २५० किलोमीटरच्या त्या वाटेत त्याला उतार मिळतो तो जेमतेम ६० मीटरचा. म्हणून सगळा देश सुकलेला असतो तेव्हा इथे पूर येतो. कोरड्या ऋतूतला पूर! ३१ वर्षांत मी हे शब्द एका वाक्यात कधी वापरले नव्हते.

मातीच्या धावपट्टीवर उतरलो. आधी एका गाडीने फेरी मारून झेब्रे हाकलले, मग विमान टेकलं. उघड्या गाडीशी एक उंच, शांत गृहस्थ उभे होते. "दुमेला, म्मा," ते ताईला म्हणाले, मग मला. सेत्स्वाना भाषेत बाईला 'म्मा' आणि पुरुषाला 'र्रा' म्हटल्याशिवाय नमस्कार पुरा होत नाही. आम्हीही त्यांना पुढचे सगळे दिवस र्रा म्हणूनच हाक मारली.

आमचा पहिला मुक्काम ख्वाई नदीच्या काठावर, मोरेमी अभयारण्याच्या सीमेलगत. मोरेमीची गोष्ट र्रांनी पहिल्याच संध्याकाळी शेकोटीपाशी सांगितली. बेसुमार शिकारीने जनावरं संपत चालली होती तेव्हा, १९६३ साली, इथल्या बातावाना लोकांनी आपल्याच जमिनीतून हे अभयारण्य राखलं. त्या वेळी टोळीच्या प्रमुखपदाची जबाबदारी राजमाता पुलाने मोरेमी यांच्याकडे होती. आफ्रिकेतली कितीतरी राखीव जंगलं गोऱ्या सरकारांनी आखली, हे मात्र तिथल्याच माणसांनी मागून घेतलं. याची किंमतही काहींना मोजावी लागली. त्या हद्दीत राहणाऱ्या ख्वाईच्या लोकांना बाहेर सरकावं लागलं. आज तेच गाव आपल्या भागातल्या पर्यटनाचा कारभार गावाच्या संस्थेमार्फत पाहतं. र्रांनी या दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या, काही लपवलं नाही.

लॉज म्हणजे लाकडी ओट्यावर उभारलेले आठ तंबू. आत पलंग, गरम पाणी, सौरऊर्जेवरचे दिवे. सभोवती कुंपण नाही, आणि मुद्दामच नाही. अंधार पडला की सोबतीला माणूस घेतल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. उशाशी एक भोंगा ठेवलेला, अगदी अडचण आली तर वाजवायला. पहिल्या रात्री पाणघोड्यांचं खोल, घशातलं हसू ऐकत मी जागीच होते. मध्यरात्री तंबूच्या कापडापलीकडे, हाताच्या अंतरावर, कुणीतरी फांद्या मोडून सावकाश चावत होतं. सकाळी पायवाटेवर हत्तीच्या पावलांचे ठसे होते, परातीएवढे, आणि ओट्याला धक्कासुद्धा लागलेला नव्हता. एवढा मोठा जीव, आणि त्याने आमच्या झोपेची किती काळजी घेतली होती!

पहाटे साडेपाचला हाक यायची. थंडी अशी की गाडीत बसताना मांडीवर घोंगडी आणि कुशीत गरम पाण्याची पिशवी. पहिले दोन दिवस मी प्राण्यांची यादी घेऊन बसले होते. सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडा, गेंडा. गेंड्याचं नाव निघालं की र्रा गप्प होत. बोट्स्वानातले गेंडे चोरट्या शिकारीने एकदा जवळजवळ संपले होते, पुन्हा आणून वाढवले, आणि गेल्या काही वर्षांत शिंगांसाठी पुन्हा मोठ्या संख्येने मारले गेले. "यादी आपली असते, म्मा," ते एवढंच म्हणाले, "जंगलाची नसते." मी वही मिटली. खरी सहल त्यानंतर सुरू झाली.

त्याच दिवशी संध्याकाळी मोपानेच्या झाडांखाली रानकुत्रे दिसले. अकरा जण सावलीत पसरलेले, अंगावर काळे, पिवळे, पांढरे डाग, एकाचा नमुना दुसऱ्यासारखा नाही. आपल्या ताडोबातल्या कोळसुंद्यांचे हे लांबचे नातेवाईक. बराच वेळ काही घडलं नाही. मग एक उठला, दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावलं, तिसऱ्याच्या अंगावर अंग घासलं आणि शिंकला. दुसराही शिंकला. र्रांनी बोट ओठांवर ठेवलं. हे रानकुत्रे शिंकून मत देतात, हे ओकावांगोतच केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. पुरेशा शिंका झाल्या तरच कळप शिकारीला निघतो. कळपाच्या प्रमुखाने उठवलं तर दोनतीन शिंका पुरतात, एखाद्या साध्या सदस्याने उठवलं तर दहाएक लागतात. आम्ही मोजू लागलो. आठवी, नववी, आणि पुढच्या क्षणी सगळे कान ताठ करून निघाले. गाडी त्यांच्या मागे झुडपांतून धावत होती, मला फक्त धूळ आणि इम्पालांच्या उड्या दिसत होत्या. वीस मिनिटांनी आम्ही गाठलं तेव्हा शिकार संपत आली होती. कुठे भांडण नाही, गुरगुरणं नाही. भराभर खाल्लं आणि सगळे उलट्या पावली बिळाकडे पळाले. तिथे पिल्लं आणि त्यांच्याजवळ राहिलेली मादी वाट पाहत होती. आल्या आल्या एकेकाने पोटातलं मांस ओकून पिल्लांसमोर टाकलं. ताई हळूच म्हणाली, "घरातली सून बाळंत झाली की असंच करतात ना सगळे." या प्राण्याला कित्येक वर्षं आफ्रिकेत उपद्रवी म्हणून गोळ्या घातल्या गेल्या. आज साऱ्या आफ्रिकेत काही हजारच उरले आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी चित्ता दिसला. वारुळाच्या टेकाडावर बसलेला, उन्हाकडे तोंड, डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या काळ्या रेघा. तो आमच्याकडे पाहत नव्हता, आमच्या पलीकडे गवतात पाहत होता. माझ्या अंगावर काटा आला, कारण कोल्हापूरच्या माणसाला हा प्राणी परका नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत. त्यासाठी चित्तेवानांची घराणी होती. भारतातले चित्ते संपत आले तेव्हा संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते मागवले. देशातले शेवटचे तीन आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात १९४७ च्या सुमारास मारले गेले आणि १९५२ साली सरकारने चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले. म्हणजे आफ्रिकेचं आपल्यावरचं हे ऋण दुसऱ्यांदा झालं. मी हे सगळं र्रांना सांगितलं. त्यांनी चित्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्याकडे त्यांना धावायला जागा आहे का?" त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्या मोकळ्या गवताकडे पाहिल्यावर हो म्हणणं कठीण होतं.

चौथ्या दिवशी आम्ही पाण्यात गेलो, मोकोरोतून. मोकोरो म्हणजे एकाच झाडाचं खोड पोखरून केलेली अरुंद होडी. आता जुनी झाडं वाचावीत म्हणून बहुतेक मोकोरो फायबरच्या असतात. मागे नावाडी उभा राहून लांब काठीने तळ रेटतो, त्या काठीला न्गाशी म्हणतात. पाण्यापासून आपण वीतभर उंचीवर असतो. इंजिन नाही, बोलणं नाही. कमळांच्या पानांवरून कमळपक्षी चालतोय, लव्हाळ्याच्या काडीला अंगठ्याच्या नखाएवढा रंगीत बेडूक चिकटलाय, वर कुठेतरी मत्स्यगरुड ओरडतोय. पाणी असं नितळ की तळाच्या वाळूतल्या बारीक रेघाही दिसाव्यात. मी ओंजळभर उचलून पाहिलं. कलहारीच्या मधोमध, ज्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही असं पाणी, आणि खारट नाही! भूगोलाच्या नियमाने इथे मिठागर व्हायला हवं होतं.

उत्तर त्या गोल बेटांत होतं. नावाड्याने आम्हाला एका बेटावर उतरवलं. सुरुवात वाळवीपासून होते. कोरड्या वर्षांत वाळवी वारूळ उभारते, पूर आला की तेवढाच उंचवटा पाण्यावर राहतो. त्यावर पक्षी बसतात, विष्ठेतून अंजिराच्या, ताडाच्या बिया पडतात, झाडं उगवतात. झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात. पाण्यातले क्षार मात्र बेटाच्या पोटात, जमिनीखाली साठत राहतात. म्हणून बेटाच्या मध्यावर काहीच उगवत नाही, तो पांढरा डाग क्षारांचा. झाडं सगळं मीठ आपल्या पायाखाली घेतात आणि भोवतालचं पाणी गोडं ठेवतात. नदी आणते त्यातलं बहुतेक सगळं पाणी असंच पानांतून आणि उन्हाने आकाशात जातं, थोडं वाळूत मुरतं, अगदी थोडंसं पुढे माऊनच्या बाजूला निसटतं. आणि प्रवाह बुजू नयेत ही कामगिरी पाणघोड्यांची. रोज त्याच वाटेने चरायला जाता-येता ते गवतातून कालवे मोकळे ठेवतात. मी त्या बेटाच्या पांढऱ्या मातीवर उभी होते आणि मला माझा फळा आठवत होता. फळ्यावरच्या नदीत फक्त पाणी असायचं. इथे वाळवी, पक्षी, अंजीर आणि पाणघोडा मिळून नदी चालवत होते. युनेस्कोने २०१४ साली या प्रदेशाला जागतिक वारशात घेतलं, त्या यादीतलं हे हजारावं स्थळ.

त्या रात्री जेवणात आमच्यासाठी वेगळा पदार्थ होता. शाकाहारी म्हणून कळवलेलं होतंच. लॉजच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी एक वाडगा पुढे ठेवला. ताईने चमचा तोंडात घातला आणि थांबली. "आंबील आहे गं ही!" ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेलं. तिकडे त्याला टिंग म्हणतात. सोबत चवळीच्या पाल्याची भाजी, मोरोगो. ज्वारी आणि चवळी, दोन्ही मूळच्या आफ्रिकेच्या. हजारो वर्षांपूर्वी तिथून निघून त्या आपल्या शिवारात आल्या. ताईने स्वयंपाकघरात जाऊन त्या बाईंचे हात हातात घेतले. एकीला सेत्स्वाना येत होती, दुसरीला मराठी. पीठ किती दिवस आंबवायचं यावर दोघींचं दहा मिनिटं बोलणं झालं आणि दोघींना सगळं समजलं.

शेकोटीपाशी मग ताईने र्रांना जे विचारलं, ते मला कधी सुचलं नसतं. "तुमच्या घरची ज्वारी हत्ती खातात का हो?"

र्रा बराच वेळ निखाऱ्यांकडे पाहत राहिले. त्यांचं गाव ओकावांगोच्या वरच्या अंगाला, जिथे नदी अजून एकाच पात्रात असते. त्या बाजूला माणसं आणि हत्ती जवळजवळ सारख्याच संख्येने राहतात. हत्तींच्या पाण्याच्या वाटा ठरलेल्या, आणि मुलांना शाळेला जायच्या वाटाही त्याच. त्यांच्या आईची ज्वारी कणसावर आलेली असताना एका रात्रीत गेली होती. ताई सांगू लागली. कर्नाटकातून हत्ती आमच्याकडे आले त्याला दोन दशकं झाली, ऊस तुडवतात, केळी उपटतात, भाताच्या खळ्यावर येतात. आम्ही डबे वाजवतो, फटाके लावतो, रात्रभर माळ्यावर बसतो. र्रा म्हणाले, आम्ही मिरची जाळतो. हत्तीच्या शेणात मिरची कालवून विटा करतो आणि शेताच्या बांधावर धुमसत ठेवतो. "मिरचीची धुरी!" ताई ताठ बसली. मिरचीबद्दल आजऱ्याच्या बाईला काही सांगावं लागत नाही.

बोट्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, इतके जगात दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत. तिथल्या सरकारने २०१४ साली शिकारीवर बंदी घातली आणि २०१९ साली ती उठवली. आपण दुरून यावर चटकन मत देतो. त्या रात्री दोन शेतकऱ्यांना एकमेकांशी बोलताना ऐकलं आणि माझी सगळी मतं मला हलकी वाटली. शेवटी ताईने विचारलं, "राग येतो का हत्तींचा?" र्रा म्हणाले, "ज्वारी जाते तेव्हा येतो. पण माझा पगार त्यांच्यामुळेच येतो, आणि लहानपणी आजोबांबरोबर त्यांच्याच वाटेने मी पाणी शोधायला शिकलो." ताईने मान हलवली. तिच्या शेताच्या बांधावर हत्तीच्या पावलाच्या खड्ड्यात साठलेलं पाणी चिमण्या पितात, हे तिने मला पहिल्यांदाच तिथे सांगितलं.

शेवटचे दोन दिवस चोबे नदीवर. संध्याकाळी कळपच्या कळप पाण्यात उतरतात. पुढे म्हातारी हत्तीण, मध्ये पिल्लं, मागे तरण्या माद्या. नदी ओलांडताना पिल्लांच्या फक्त सोंडा वर दिसतात. एका वेळी शंभराहून जास्त हत्ती आम्ही मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं. होडीत वीस माणसं होती, कुणी बोलत नव्हतं.

परतताना माऊनच्या दुकानात मी नाणी हातात घेऊन पाहिली. या देशाच्या चलनाचं नाव पुला. पुला म्हणजे पाऊस. राष्ट्राचं बोधवाक्यही तेच, आणि सभेत टाळ्यांऐवजी लोक 'पुला!' म्हणून ओरडतात. वाळूत राहणाऱ्या माणसांनी पैशाला पावसाचं नाव दिलं. आपल्याकडे समुद्राला मिळणारं पाणी वाया गेलं असं सर्रास म्हटलं जातं. ओकावांगोचं पाणी समुद्राला जात नाही, आणि धरणात अडवलेलंही नाही. ते सगळंच्या सगळं वाळवीला, अंजिराला, रानकुत्र्याला, हत्तीला आणि ज्वारीला वाटून टाकलं जातं. नदीचं मुख म्हणजे काय, हे मला या वयात नव्याने शिकावं लागलं.

जायची इच्छा असेल त्यांच्यासाठी थोडंसं. हा प्रवास महाग आहे. बोट्स्वानाने मुद्दामच थोडे प्रवासी आणि जास्त दर असं धोरण ठेवलं आहे, म्हणून पैसे साठवायला वेळ घ्या पण दिवस कमी करू नका. जुलै-ऑगस्टात जा, एका ठिकाणी किमान तीन रात्री राहा, प्राण्यांची यादी घरी ठेवा. आणि वाटाड्याला त्याच्या जंगलाइतकंच त्याच्या शेताबद्दलही विचारा.

ओकावांगोचं पाणी वाटून घेण्यासाठी अंगोला, नामिबिया आणि बोट्स्वाना यांनी १९९४ साली एक संयुक्त आयोग नेमला. जागतिक वारशाचं संरक्षण फक्त खालच्या पंजाला आहे, वरच्या डोंगरांना नाही. आम्ही ज्या पाण्यावर तरंगलो ते सहा महिन्यांपूर्वी अंगोलाच्या जंगलात पडलं होतं. ती जंगलं टिकली, तरच पुढच्या जुलैत ते पुन्हा येईल.